एक्सरचे वीरगळ

मुंबईंतील उघड्यावरची शिल्पकला पायीं हिंडून पाहावी, असें कोणाच्या मनांत आलें, म्हणजे त्याचीं पावलें आपोआप कोटाकडे वळतात. तेथें फ्लोरा फाउंटनचें कारंजें आहे, दादाभाई नौरोजींचा पुतळा आहे, गेटवेसमोर अश्वारूढ शिवछत्रपति आहेत. उपनगरांकडे या हेतूनें सहसा कोणी फिरकत नाहीं. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर हीं नांवें उच्चारतांच डोळ्यांसमोर येते ती आगगाडीची गर्दी, आणि येतात ते इमारतींचे मजले. उपनगरांत राहावें आणि पाहावयाचें तें शहरांत पाहावें, अशी आपली एक समजूत होऊन बसली आहे. ती कितपत खरी आहे, याचा विचार आज करावयाचा आहे.

उघड्यावरची कला कोणती म्हणावी, हें प्रथम ठरवूं. जिला दार नाहीं, जिच्यासाठीं तिकीट काढावें लागत नाहीं, आणि जी येणाऱ्याजाणाऱ्यानें पाहावी म्हणूनच घडवलेली आहे, ती उघड्यावरची कला. या तीन कसोट्या लावल्या तर कित्येक नामांकित वस्तु गळून पडतात. अंधेरीच्या विमानतळावर 2014 सालीं नवें टर्मिनल उघडलें. त्याच्या भिंतींवर देशाच्या कानाकोपऱ्यांतून आणलेल्या हजारों कलावस्तु मांडण्यांत आल्या. मांडणी मोठी देखणी होती. पण ती प्रवाशांसाठीं होती, वाटसरूंसाठीं नव्हती. उलट बोरिवली स्थानकाच्या वायव्येस मैलभर अंतरावर, एक्सर नांवाच्या जुन्या गांवीं, कोरलेल्या शिळांची एक रांग शतकानुशतकें उघड्यावर उभी आहे. तिला तिन्ही कसोट्या लागतात. मुंबईच्या हद्दींतील वाटेवरच्या शिल्पांत वडीलकीचा मान द्यावयाचा झाला, तर तो या शिळांनाच द्यावा लागेल. त्या शिळांना वीरगळ म्हणतात.

त्यांच्याकडे जाण्यापूर्वीं कोटांतील पुतळ्यांचें काय झालें तें थोडक्यांत पाहूं, कारण त्यावरून एक्सरच्या दगडांचें मोल अधिक स्पष्ट होईल. 1872 सालीं मुंबईंत व्हिक्टोरिया राणीचा संगमरवरी पुतळा बसविण्यांत आला. त्याचा खर्च बडोद्याच्या खंडेराव गायकवाडांनीं दिला होता. पुढें चापेकर बंधूंनीं या पुतळ्याला डांबर फासलें, ही हकीकत सर्वश्रुत आहे. 1879 सालीं सर आल्बर्ट ससून यांनीं युवराज एडवर्ड यांचा घोड्यावर बसलेला पुतळा शहराला दिला. ओतीव धातूचा तो घोडा काळा दिसे. लोकांनीं त्या जागेला काळा घोडा हें नांव दिलें, आणि घोड्यावर कोण बसला आहे याची चौकशी करण्याचें कारण कोणाला वाटलें नाहीं. 1965 सालीं परक्या राज्यकर्त्यांचे पुतळे रस्त्यांवरून हलविले गेले, तेव्हां हा घोडाहि स्वारासकट भायखळ्याच्या जिजामाता उद्यानांत गेला. जागेचें नांव मात्र गेलें नाहीं. इतकेंच नव्हे, तर 2017 सालीं त्या ठिकाणीं नवा काळा घोडा उभा राहिला, आणि या वेळीं त्याच्या पाठीवर कोणीच स्वार नव्हता. पुतळा बसविणाऱ्याचा हेतु एक होता, पाहणाऱ्यांनीं त्यांतून आपल्यापुरतें घेतलें तें दुसरेंच. जेवढें लोकांचें झालें तेवढें टिकलें. उघड्यावरच्या कलेचा हा पहिला नियम म्हणावयास हरकत नाहीं.

आतां एक्सरकडे वळूं. 1957 सालीं बोरिवलीचा भाग मुंबई महानगरपालिकेंत आला. त्यापूर्वीं हा सारा प्रदेश साष्टी बेटाचा. साष्टी म्हणजे षट्षष्टि, सहासष्ट गांवांचा मुलूख. या मुलुखावर नवव्या शतकापासून तेराव्या शतकापर्यंत उत्तर कोंकणच्या शिलाहारांचें राज्य होतें, आणि ठाणें, म्हणजे त्या काळचें श्रीस्थानक, ही त्यांची राजधानी होती. आज बोरिवलीस उतरणाऱ्या माणसाला समुद्राची आठवण होण्याचें कांहीं कारण उरलेलें नाहीं. पण पश्चिमेला गोराईची खाडी आहे, खाडीपलीकडे समुद्र आहे, आणि शिलाहारांच्या काळीं या भागाचा व्यवहार जितका जमिनीवरून चाले तितकाच पाण्यावरून चाले. एक्सरच्या शिळांवर काय आहे तें समजावयास हें ध्यानांत ठेविलें पाहिजे.

वीरगळ हा शब्द कानडी वळणाचा आहे. कानडींत कल्लु म्हणजे दगड. वीराच्या स्मरणाचा दगड तो वीरगळ. महाराष्ट्रांत गांवच्या वेशीवर, देवळाच्या आवारांत, पिंपळाच्या पारापाशीं असे दगड पुष्कळ आढळतात. त्यांतील बहुतेक वीर कांहीं राजेमहाराजे नव्हेत. गांवचीं गुरें चोरांनीं वळवून नेलीं असतां त्यांच्या मागें धांवलेला आणि त्या झटापटींत पडलेला एखादा साधा गडी, अशांचे हे दगड आहेत. लिहितां वाचतां न येणाऱ्या गांवानें आपल्या माणसाचा इतिहास लिहून ठेवण्याची ही रीत होती.

ही लिपि वाचण्याचा नियम एकच आहे, आणि तो साधा आहे. आपण पुस्तक वरून खालीं वाचतों. वीरगळ खालून वर वाचावयाचा. दगडाचे आडवे पट्टे पाडलेले असतात. सर्वांत खालच्या पट्ट्यांत लढाई असते, आणि वीर पडलेला असतो. त्याच्या वरच्या पट्ट्यांत अप्सरा त्याला हातांवर किंवा विमानांतून वर नेत असतात. त्याहून वर तो शिवलिंगापुढें हात जोडून बसलेला असतो, म्हणजे कैलासास पोंचलेला असतो. शिखरावर बहुधा सूर्य आणि चंद्र कोरतात. त्यांचा अर्थ असा कीं, हे दोघे आकाशांत असेपर्यंत या वीराचें नांव राहो. मृत्यु पायथ्याशीं आणि देव माथ्यावर अशी ही रचना असल्यामुळें वाचणाऱ्याची दृष्टि आपोआप वर चढत जाते. माणसाच्या मरणाला अर्थ होता, हें त्याच्या मागें राहिलेल्या माणसांना पटवून देण्याची याहून सोपी युक्ति सांपडणें कठीण.

एक्सरच्या शिळांचें पहिलें सविस्तर वर्णन ठाणें जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्यें, 1882 सालीं, छापून आलें. त्या ग्रंथाच्या प्राचीन भागाला पंडित भगवानलाल इंद्रजी यांचें मोठें साहाय्य होतें. सोपाऱ्याचा स्तूप ज्यांनीं त्याच वर्षीं उकरून काढला तेच हे पंडित. त्या वेळीं या शिळा एका आंबराईंत, तळ्याच्या पश्चिम कांठीं, ओळीनें होत्या. एकूण सहा, चार उभ्या, दोन पडलेल्या. सर्वांत मोठी दहा फूट उंच आणि तीन फूट रुंद, सर्वांत लहान चार फुटांची. दगड आपल्या सह्याद्रीचाच, काळा आणि कठीण. प्रत्येक शिळेच्या माथ्यावर मोठा कलश कोरलेला, कलशाला लोंबते कान आणि फितींच्या गांठी, आणि बाजूस हार घेऊन येणाऱ्या आकाशगामी आकृति. कलशाखालीं चित्रांचे पट्टे, कोठें दोन, कोठें चार, तर एका शिळेवर तब्बल आठ.

या पट्ट्यांत जें आहे तेंच एक्सरला इतर हजार वीरगळांपासून वेगळें करतें. पहिल्या शिळांवर नेहमीसारखें जमिनीवरचें युद्ध आहे: तलवारी उगारलेले घोडेस्वार, एकटा उभा राहून लढणारा धनुर्धर, आणि मागें हत्ती. परंतु पुढच्या शिळांवर युद्धाची भूमि बदलते. तेथें भूमिच नाहीं, पाणी आहे. एका शिळेच्या तळच्या पट्ट्यांत पांच युद्धनौका चालल्या आहेत. त्यांची नाळ चोंचीसारखी वर उचललेली आहे, मधोमध डोलकाठ्या आहेत, आणि प्रत्येक बाजूला नऊ नऊ वल्हीं पाण्यांत पडत आहेत. वरच्या पट्ट्यांत चार नौकांनीं एका मोठ्या जहाजाला गांठलें आहे, आणि त्या जहाजावरचे लोक समुद्रांत पडत आहेत. त्याच्यावर लिंगपूजा, आणि सर्वांत वर कैलासांतील शिवपार्वती. आठ पट्ट्यांच्या शिळेवर तर भाले आणि ढाली घेतलेल्या सैनिकांनीं भरलेल्या अकरा नौका एका जहाजावर चालून जातांना दाखविल्या आहेत. शेवटच्या लहानशा शिळेवर दोनच पट्टे: खालीं सागरयुद्ध, वर स्वर्गांत बसलेला वीर. धाकट्या योद्ध्याचा दगडहि धाकटा असावा. पण रीत तीच, आणि मानहि तोच.

श्रोतेहो, नौकेचें चित्र कागदावर काढणें निराळें आणि या दगडांत काढणें निराळें. हा दगड संगमरवरासारखा मऊ नाहीं, कीं वालुकाश्मासारखा दाणेदार नाहीं. त्यांत एका बोटाएवढ्या जागेंत नऊ वल्हीं ओळीनें उठवावयाचीं म्हणजे पाथरवटाचा हात किती स्थिर असला पाहिजे! शिवाय नौकेच्या अंगाचा डौल, वल्ह्यांचा कल, वर उचललेली नाळ हीं ज्यानें कोरलीं त्यानें अशा नौका डोळ्यांनीं पाहिल्या असल्या पाहिजेत, असें वाटल्यावांचून राहत नाहीं. मराठी मुलुखाच्या आरमाराचा इतिहास आपण शिवकालापासून सांगावयास लागतों, आणि तें योग्यहि आहे. पण त्याच्या कित्येक शतकें आधींच्या कोंकणी युद्धनौका कशा दिसत असतील, असा प्रश्न विद्यार्थ्यानें विचारला, तर ज्याच्याकडे बोट दाखवितां येईल असें साहित्य आपणांपाशीं फार थोडें आहे. त्यांतलें एक, आणि मोठें, बोरिवलीच्या एका गल्लींत आहे.

मग हें युद्ध कोणतें? येथें विद्वानांत मतभेद आहे, आणि तो मोठा मौजेचा आहे. एका मताप्रमाणें हें युद्ध इ. स. 1265 च्या सुमाराचें. देवगिरीच्या महादेव यादवानें उत्तर कोंकणावर स्वारी केली. शिलाहारांचा शेवटचा राजा सोमेश्वर जमिनीवर हरला, तेव्हां तो नौकांतून समुद्रावर गेला. यादवांनीं तेथेंहि त्याचा पाठलाग केला, आणि सोमेश्वर बुडाला. यादवांचा मंत्री हेमाद्रि यानें आपल्या ग्रंथांतील राजप्रशस्तींत याचा उल्लेख केला आहे. महादेवाच्या कोपाला तोंड देण्यापेक्षां सोमेश्वराला समुद्रांत बुडणें बरें वाटलें, असा त्याचा आशय आहे. जिंकणाऱ्याच्या मंत्र्यानें हरणाऱ्याविषयीं लिहिलेलें हें वाक्य; त्याला त्या मानानेंच किंमत द्यावी. शिळांवर आधीं हत्तीघोड्यांचें युद्ध आणि मग नौकांचें, हा क्रम या हकीकतीशीं जुळतो, हें या मताचें बळ.

दुसरें मत डॉ. मोतीचंद्र यांचें. प्राचीन व्यापारमार्गांवरील आपल्या सार्थवाह या 1953 च्या ग्रंथांत त्यांनीं या शिळांचा संबंध धारच्या भोज परमाराच्या स्वारीशीं जोडला आहे. भोजानें कोंकण जिंकल्याचा उत्सव केला, ही गोष्ट त्याच्या 1020 सालच्या ताम्रपटांवरून कळते. म्हणजे दोन मतांमध्यें अडीचशें वर्षांचें अंतर पडलें. एवढा मोठा फरक कां पडावा? उत्तर एका ओळींत देतां येतें. शिळांवर लेख होते, आणि ते झिजून गेले. अक्षरांच्या खुणा तेवढ्या उरल्या. त्यांतून राजाचें नांव, वीराचें नांव, शकाचा आंकडा, कांहींच हातीं लागत नाहीं. दगडावर लिहिलें तें अमर झालें, असें आपण म्हणतों. एक्सरला अमर झालें तें चित्र, अक्षर गेलें. त्या वीरांच्या आप्तांनीं दहा फुटी शिळा आणवल्या, उत्तम कारागीर लावले, सारें केलें तें नांव राहावें म्हणून. आणि नेमकें नांवच राहिलें नाहीं.

नांव नसलेला दगड इतकीं शतकें कोणी जपला? शिलाहार गेले, यादव गेले, साष्टीवर गुजराथचे सुलतान आले, पोर्तुगीज आले, 1737 सालीं मराठे आले, पुढें इंग्रज आले. यांपैकीं कोणत्याहि सरकारला या दगडांची गरज नव्हती. त्यांना राखलें तें भोंवतालच्या लोकांच्या पूजेनें. कोणाचें स्मारक आहे हें विसरल्यावर गांवानें दगडांना देव मानलें. त्यांना शेंदूर लागला, फुलें वाहिलीं गेलीं, आणि ज्याला देव म्हटलें त्याचा पायरीसाठीं किंवा जोत्यासाठीं उपयोग करावयास कोणी धजलें नाहीं. किती देवळांचे खांब आणि किती मूर्ति कोंकणांत घरांच्या जोत्यांत आणि विहिरींच्या कडांत गेल्या, हें ज्यांनीं पाहिलें आहे त्यांना या शेंदराचे उपकार कळतील.

परंतु याच गोष्टीची दुसरी बाजू आहे, आणि ती सांगितली नाहीं तर विषयाला न्याय होणार नाहीं. शेंदराच्या आणि रंगाच्या थरांखालीं वल्हीं बुजतात. नाकडोळे बुजतात. पूजेनें दगड राखला, पण त्याचें वाचन राखलें नाहीं. आतां तर आंबराई नाहीं; घरांची दाटी दगडांच्या अंगाशीं येऊन भिडली आहे. पूर्वीं ऊन, वारा आणि पाऊस एवढेच त्यांचे शत्रु होते. आतां सांडपाण्याची ओल आहे, सिमेंटचा हात आहे, आणि भक्तीनें दिलेला तेलरंग आहे. ज्याची आपण पूजा करतों त्यालाच आपल्या हातांनीं पुसून टाकण्याची वेळ येते, ही गोष्ट मनाला लागण्यासारखी आहे. आणि यांत कोणाचाहि वाईट हेतु नसतो, म्हणूनच ती अवघड आहे.

वाटेवरच्या दगडानें वाटसरूशीं बोलावें, ही शिलाहारकालीन कल्पना आणखी एका प्रकारच्या शिळांत दिसते. ती गद्धेगाळ. राजानें जमीन किंवा उत्पन्न दान दिलें, कीं त्याचा लेख दगडावर कोरून तो उभा करीत. वर सूर्य, चंद्र आणि कलश; मध्यें लेख; खालीं गाढव आणि स्त्री यांचें लज्जास्पद चित्र. हें दान जो मोडील त्याच्या घराण्याला तें चित्र म्हणजे शिवी. परळला सांपडलेला दुसऱ्या अपरादित्याचा इ. स. 1187 चा लेख या जातीचा आहे. त्यांत षट्षष्टीचा, म्हणजे याच साष्टीचा, उल्लेख आहे. गंमत अशी कीं, दानाचा तपशील संस्कृतांत असून शापाची शिवी मराठींत आहे. दान कोणाला दिलें तें पंडितांनीं वाचावें. मोडल्यास काय होईल तें सर्वांना समजावें. ज्याला मराठीहि वाचतां येत नाहीं त्याला गाढव दिसतेंच! वीरगळ आदर शिकवितो, गद्धेगाळ धाक शिकवितो. पण दोघांचेंहि तोंड रस्त्याकडे आहे.

एक्सरहून उत्तरेस अर्धापाऊण तास चाललें कीं मंडपेश्वरचीं लेणीं लागतात. साष्टींत लेण्यांना तोटा नाहीं. कान्हेरी आहे, मागाठाणें आहे, जोगेश्वरी आहे, अंधेरीच्या पूर्वेस महाकालीचीं लेणीं आहेत. तीं सारीं पाहण्यासारखीं. पण आजच्या विषयाच्या दृष्टीनें मंडपेश्वर महत्त्वाचें, कारण तेथें एकाच खडकावर अनेक काळांनीं आपापला हात फिरविला आहे. मूळ लेणें शैव; त्यांतील नटराजाचा पट अद्याप ओळखूं येतो. सोळाव्या शतकाच्या मध्याला फ्रान्सिस्कन पंथाचे पाद्री आंतोनियो दो पोर्तो येथें आले. लेण्याचें प्रार्थनामंदिर झालें, आणि डोक्यावर चर्च व विद्यालय उभें राहिलें. त्यांचे भग्न अवशेष आजहि लेण्याच्या माथ्यावर दिसतात. एका चौकटींतील मूळ आकृति तासून तेथें क्रूस कोरलेला आहे. पुढें पोर्तुगीजांची सत्ता गेली आणि लेण्यांत पुन्हां महादेवाची पूजा सुरू झाली. क्रूस मात्र कोणीं तासून काढला नाहीं. तो अजून तेथें आहे.

त्या चौकटीसमोर उभें राहिल्यावर मनांत येतें ते दोन विचार. एक खेदाचा: पूर्वींची मूर्ति गेली, ती पुन्हां येणें नाहीं. दुसरा समजुतीचा: क्रूसहि आतां इतिहास झाला आहे, आणि तो तासला तर एका नुकसानीचीं दोन होतील. इतिहासाचा अभ्यास करणाऱ्यानें दुसरा विचार पहिल्याइतकाच घट्ट धरला पाहिजे.

क्रूसाचा विषय निघाला म्हणून सांगतों. एक्सर, गोराई, मालाड, अंधेरी, वांद्रें या भागांत ईस्ट इंडियन समाजाचीं जुनीं गांवठाणें आहेत, आणि त्यांच्या गल्ल्यांच्या तोंडाशीं दगडी किंवा लांकडी क्रूस उभे आहेत. 1896 सालीं मुंबईंत प्लेग शिरला. त्यानंतरच्या भयाच्या दिवसांत यांतील अनेक क्रूस उभारले गेले. आपल्या गल्लीच्या वेशीवरून रोगानें परत जावें, ही त्यांमागची प्रार्थना. गांवच्या वेशीवर मरीआईला साकडें घालणाऱ्या शेजाऱ्याची भावना याहून निराळी नव्हती. शिल्प म्हणून ते क्रूस साधे आहेत. पण सायंकाळीं त्यांच्यापुढें मेणबत्ती लागते, सणाला फुलांच्या माळा चढतात, आणि शेजारपाजारचीं माणसें एकत्र जमून प्रार्थना म्हणतात. वीरगळ, गद्धेगाळ आणि प्लेगचा क्रूस यांचें गोत्र एकच: गांवावर कांहीं तरी ओढवलें, आणि तें विसरूं नये म्हणून गांवानें वाटेवर दगड उभा केला.

आजच्या काळांतहि ही इच्छा मेलेली नाहीं. तिनें साधन बदललें आहे. दगडाच्या जागीं रंग आला. वांद्र्याच्या रेक्लमेशनवर 2014 सालीं टेलिफोन कंपनीच्या उंच इमारतीच्या भिंतीवर रणजित दहिया आणि त्यांचे सहकारी यांनीं दादासाहेब फाळके यांचें अवाढव्य चित्र रंगविलें. ज्यांनीं 1913 सालीं राजा हरिश्चंद्र हा बोलपट नव्हे तर मूकपट काढून या शहराला एक नवा धंदा दिला, त्यांचें स्मारक धावत्या रस्त्यालगत, कोणाचेंहि तिकीट न लागतां, व्हावें हें उचितच झालें. रंगाचें आयुष्य मात्र पावसाळ्यांनीं मोजावयाचें असतें. तेव्हां अशा चित्रांची नोंद वेळच्या वेळीं व्हावी. ज्यांच्या दारांत चित्र आहे त्यांना तें कोणाचें आणि कां, हें सांगतां यावें. एक्सरला नांव हरवलें तसें येथें हरवूं नये.

आतां करावयाचें काय? कांहीं लोक म्हणतील कीं, हे वीरगळ उचलून वस्तुसंग्रहालयांत न्यावे. त्यांची कळकळ खरी आहे. पण हा उपाय मला पटत नाहीं. संग्रहालयांत दगड सुरक्षित राहील, परंतु त्याचें तोंड रस्त्याकडे राहणार नाहीं. शिवाय ज्या लोकांनीं तो कोणाच्याहि आज्ञेवांचून इतकीं शतकें सांभाळला, त्यांच्या हातांतून तो काढून घेणें हा त्यांच्या निष्ठेचा अपमान होईल. उपाय याहून साधे आहेत. स्थानिक लोकांना बरोबर घेऊन, पुरातत्त्वाच्या जाणकारांकडून शिळांवरचे रंगाचे थर हलक्या हातानें उतरवावे. पायाशीं पाणी साचूं न देण्याची व्यवस्था करावी. पूजा चालूं द्यावी. पण हळदकुंकू आणि फूल पुढें ठेवलेल्या साध्या दगडावर वाहावें, कोरीव अंगावर नको. शेजारीं मराठींत एक पाटी असावी, आणि तिच्यावर विद्वत्तेचा भार न घालतां एवढेंच लिहावें कीं, हे समुद्रावरील लढाईंत पडलेल्या वीरांचे दगड आहेत. ते खालून वर वाचावे. आणि सर्वांत मुख्य, बोरिवलीच्या शाळांतील मुलांना वर्षांतून एकदां तेथें पायीं न्यावें. शिलाहार वंशाचा धडा वर्गांत बसून पाठ करणें आणि शिलाहारांच्या मुलुखांतल्या वल्ह्यांपुढें उभें राहणें, यांत जमीनअस्मानाचें अंतर आहे.

आपणांपैकीं जे जाऊं इच्छितील त्यांना दोन सूचना. सूर्य डोक्यावर असतां उठाव दिसत नाहीं; तेव्हां सकाळीं किंवा दुपार कलल्यावर, ऊन तिरपें असतांना जावें, म्हणजे नौका दगडांतून वर येतात. आणि तेथें आपण कोणाच्या तरी दारांत उभे असतों, देवापुढें उभे असतों, हें विसरूं नये. पायांतलें काढावें, हात लावूं नये, तेथील वडीलधाऱ्यांना विचारून मग पाहावें. तेहि आपणांला विचारतील, या दगडावर आहे तरी काय? तेव्हां सर्वांत खालच्या पट्ट्याकडे बोट दाखवून सुरुवात करावी. नांवें आपणांला सांगतां येणार नाहींत. पण ते कसे लढले आणि कोठें पडले, हें अजून सांगतां येतें. तें सांगतां येण्याजोगें आहे तोंवर सांगितलें पाहिजे.